सूर्य आडवा गेला तो वैशाख

वैशाख लागला की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गर्दीत बैलांचे टेम्पो दिसू लागतात. चाकणहून नव्याकोऱ्या मोटारी घेऊन निघालेले लांबलचक कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, कांद्याच्या गोण्या लादलेले ट्रक, आणि त्यांच्या मधोमध एक छोटा टेम्पो. मागच्या फळीवरून रंगवलेली शिंगं वर आलेली, बैलाच्या वशिंडावर हात ठेवून एक माणूस उभा, त्याच्या उपरण्याचं टोक वाऱ्यावर उडतंय. आमच्या खेड तालुक्यात हे यात्रांचे दिवस. आज या गावची, उद्या त्या गावची, आणि यात्रा म्हटली की बैलगाड्यांची शर्यत आलीच. लहानपणी मी असे टेम्पो मोजत बसायचे. आता बसच्या खिडकीतून एखादा दिसला की माझे कान तापतात आणि मी उगाच मोबाइलमध्ये डोकं घालते. शेजारच्या बाईला वाटत असेल, उन्हाचा त्रास होतोय हिला.

तिचं अगदीच चुकत नाही. त्रास उन्हाच्या धन्याचाच आहे.

आमचं गाव चाकणच्या पुढे, राजगुरुनगरकडे जाताना डाव्या हाताला. अर्ध्या शिवारात आता कंपन्या उभ्या आहेत, उरलेल्यात कांदा होतो. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांची शेती कमी झाली, बैलांचा नाद मात्र तसूभरही कमी झाला नाही. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांतही त्यांनी एक जोडी दावणीला ठेवली होती, नुसती बघायला. मी गावात बारावी झाले, पुण्यात कॉलेज केलं आणि मग ताऱ्यांवर संशोधन करायला लागले. सांगवीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहायचे. माझं काम नेमकं काय, हे आबांना मी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "पोरगी आभाळातलं शिकती," एवढं ते लोकांना सांगायचे. तेवढ्यावर आमचं दोघांचंही भागत होतं.

त्या साली मला एका परदेशी अवकाश दुर्बिणीवर वेळ मिळाला. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण आपली हवा अडवते, जमिनीवरून ते दिसतच नाहीत, म्हणून ही दुर्बीण वर, पृथ्वीपासून पार दूर फिरत ठेवलेली. जगभरातले लोक तिच्यासाठी अर्ज करतात आणि बहुतेकांना नकार येतो. मला होकार आला होता. दोन तारे बघायचे होते. एकमेकांभोवती फिरणारे, पण फार लांबट वाटेनं. वर्षानुवर्षं ते दूर दूर असतात आणि आठेक वर्षांतून एकदा इतके जवळ येतात, की दोघांवरून सुटणारे वारे एकमेकांवर आदळून पेटतात. ती चमक चार दिवसांची. माझा सगळा प्रबंध त्या चार दिवसांवर उभा होता, आणि त्यातला एक दिवस दुर्बीण माझ्यासाठी तिकडे वळणार होती.

हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते गोठ्यात बैलाच्या अंगावरून खरारा फिरवत होते. त्यांनी हात थांबवला.

"जगातली समदी लोकं नंबर लावून बसल्याली, आन् तुझा लागला?"

"हो."

"म्हंजी तुझी बारी लागली म्हन की!"

घाट म्हणजे शर्यतीची चढाची धाव. त्या घाटात आपला गाडा पळवायची पाळी, तिला आमच्याकडे बारी म्हणतात. बारीसाठी माणसं वर्षभर बैलांना पोसतात आणि ती काही क्षणांत संपते. मला हसू आलं. पण इतका बरोबर शब्द मलाही सापडला नसता.

त्यानंतर गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. दुर्बिणीचा दिवस आणि गावच्या यात्रेचा दिवस लागून आले होते, आज दुर्बीण, उद्या यात्रा. यात्रा कमिटीचे बाळूतात्या, आबांचे चुलतभाऊ, म्हणाले, पोरीचा सत्कार घाटातच करायचा, ऐन शर्यतीच्या टायमाला. वेशीवर फ्लेक्स लागला. माझ्या ओळखपत्रावरचा घाबरट फोटो माणसाहून मोठा केलेला, मागे तीन पायांवर उभी केलेली एक साधी दुर्बीण, आणि वर लाल अक्षरांत, 'अंतराळातील दुर्बिणीवर बसण्याचा मान आपल्या कन्येला!' खाली शुभेच्छा देणाऱ्यांची पंधरा-वीस डोकी. मैत्रिणी महिनाभर मला विचारत होत्या, दुर्बिणीवर एका बाजूनं पाय टाकून बसणार की दोन्ही बाजूंनी. मी लाजत होते, पण ती लाज गोड होती. नवी साडी नेसून पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडताना वाटते, तशी.

सूर्यावर काळे डाग दिसत होते ते आठवडाभर आधीपासून. आमच्या संस्थेत सूर्याचा अभ्यास करणारे लोक खूश होते, जेवताना त्यांच्या टेबलावर आवाज चढायचा. मी तिकडे लक्ष दिलं नाही. सूर्य हा माझा विषय नव्हता. माझे तारे फार लांबचे, आणि सूर्य म्हणजे रोजचा, गच्चीवर पापड वाळवणारा.

दुर्बीण माझ्या ताऱ्यांकडे वळायची त्याच दिवशी तो फुटला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आधी पोचतो तो उजेड, त्याचं काही नसतं. पण मागोमाग सुसाट कण येतात, डोळ्यांना न दिसणारे. पृथ्वीवर आपल्याला ते लागत नाहीत, हवेची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची पांघरुणं आपल्यावर असतात. दूरच्या दुर्बिणीवर पांघरूण नाही. तिच्या पत्र्यातून ते आरपार जातात. तिनं काढलेल्या चित्रावर पांढरे ठिपके उमटतात, इतके की तारा कुठला आणि ठिपका कुठला कळत नाही. तिच्या संगणकाच्या आठवणीत भलतंच काहीतरी लिहिलं जातं. आणि सगळ्यात वाईट, तिच्या आत जो नाजूक डोळा असतो तो कायमचा अधू होऊ शकतो. म्हणून असं वादळ आलं की खालची माणसं तिला हुकूम देतात, काम थांबव, डोळा झाकून घे, वीज कमी कर आणि गप पडून राहा. वादळ सरेपर्यंत ती कुणाचीच नसते.

दुपारच्या चहाच्या वेळी मेल आला. दोनच ओळी. किरणोत्सर्गाच्या वादळामुळे निरीक्षणं थांबवली आहेत. आपलं निरीक्षण ठरावीक वेळेशी बांधलेलं असल्यानं ते पुन्हा घेता येणार नाही.

बाकीचं जग मात्र आनंदात होतं. दोन रात्रींनी त्याच वादळानं लडाखचं आकाश लाल झालं. घरच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर तेच फोटो. 'निसर्गाचा चमत्कार' म्हणून मला माझ्याच मावशीनं ते तीनदा पाठवले. मी तिन्ही वेळा हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मेल आला त्याच संध्याकाळी आबांना फोन केला तेव्हा मागे मांडवाच्या बांबूंवर ठोकाठोकी ऐकू येत होती.

"मग उंद्या बघ की," ते म्हणाले.

"चार-पाच दिवस बंद राहील ती. तोवर ते तारे लांब जातील."

"आन् परत?"

"आठ वर्षांनी."

ठोकाठोकीचा आवाज लांब गेला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तू ये. फेट्यावाला सांगितलाय. पर उंद्या ह्यातलं काय बोलू नको."

"खोटं कसं बोलू, आबा?"

"खोटं नको बोलू. नुसती गप ऱ्हा. लोकं लई लांबून येत्यात."

घाटात सकाळी दहालाच जमीन भाजत होती. गुलाल, बैलांचं शेण, उसाचा रस, डिझेल यांचा मिळून एक वास असतो, तो नाकात शिरला की आमच्या भागातला माणूस चालायचा वेग आपोआप वाढवतो. पलीकडच्या कंपनीतली प्रेस मशिनं त्या दिवशीही चालू होती. ध्वनिक्षेपकावरचा निवेदक श्वास घ्यायला थांबला की त्यांचा ठोका ऐकू यायचा. दुसऱ्या शिफ्टची पोरं कंपनीच्या शर्टावरच आली होती. फेटेवाल्यानं माझ्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला, आणि शर्यतीच्या उत्साहात इतका आवळला की भुवया वर ओढल्या गेल्या. दिवसभर माझा चेहरा आश्चर्य वाटल्यासारखा राहिला.

आबा व्यासपीठाच्या खाली उभे होते. पांढरा सदरा, कपाळाला भंडारा. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी गप राहायचं ठरवलंच होतं. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, हात जोडायचे, उतरायचं.

पण निवेदक पट्टीचा होता. त्यानं माझ्या तोंडापुढे माइक धरला. "ताईसाहेब, अख्खा घाट कान देऊन बसलाय! काल वर दुर्बिणीतनं काय काय दिसलं, ते आपल्या गावाला सांगा!"

मी बोलले. "काही दिसलं नाही. सूर्यावर वादळ झालं, म्हणून दुर्बीण बंद ठेवली. माझी बारी गेली."

प्रेस मशिनाचे चार ठोके पडले. मग चढावरून कुणीतरी ओरडलं, "मांजर आडवं जातं ऐकलं व्हतं राव, हिला तर सूर्यच आडवा गेला!"

घाट हसला. वाईट हसला असं नाही, उन्हात तासन्‌तास बसलेली माणसं एखाद्या विनोदाची वाट बघतच असतात. निवेदकसुद्धा हसला आणि त्यानं ते वाक्य माइकवरून पुन्हा म्हणून दाखवलं. मी आबांकडे बघितलं. त्यांची मान खाली होती आणि ते सदऱ्याचं एक बटण लावत होते, जे आधीच लागलेलं होतं.

त्या दिवशी आमचा भावकीचा गाडा झकास पळाला. निशाण पडलं, भिर्रर्रची आरोळी उठली, गुलाल उडाला, बाळूतात्या पोरांच्या खांद्यावर नाचले. आबा त्यात नव्हते. ते टेम्पोच्या सावलीत चाकाला टेकून बसले होते आणि मी जवळ गेले तर म्हणाले, "जा, घरी जा, ऊन लागंल." फेट्याची टाचणी कुठे खोचलीय ते सापडेना, म्हणून मी तो घेऊनच घरी आले. आईनं तो सोडवला. घडी घालून कपाटात पार मागे ठेवून दिला.

ते वाक्य माझ्याआधी सगळीकडे पोचायचं. चाकणच्या बाजारात, मावसभावाच्या कंपनीच्या कँटीनमध्ये, एका लग्नात तर हार घालायच्या रांगेत. "काय ताई, आज सूर्य बरा हाय ना?" मी हसायचे. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विषय बदलून दिला, जुन्या नोंदींवर काम होईल असा. एक वर्ष वाढलं, पण प्रबंध होणार होता. ते दुःख मी उचलू शकत होते. आबांचं काय करायचं ते कळत नव्हतं. ते फोनवर पिकाचं सांगायचे, पावसाचं सांगायचे आणि आईकडे द्यायचे. आई एकदा म्हणाली, "हल्ली डेरीला दूध घालाया मीच जाती. ह्यांचं पाराकडं जानंच बंद झालंय." पारावर आबा रोज सकाळी बसायचे. माझ्या जन्माआधीपासून.

मी त्या काळात लाजेविषयी खूप विचार केला. चुकीचं एक बरं असतं. ती कबूल करता येते, माफी मागता येते, पुढच्या वेळी टाळता येते. इथे चूक कुणाची? माझी नाही, दुर्बिणीची नाही, तिला झाकणाऱ्या माणसांची तर नाहीच. सूर्यानं काय करावं, त्याचं ते काम आहे. पण लाजेला चूक लागत नाही. तिला फक्त बघणारे लागतात. मराठीत ओशाळणं म्हणतात, वरमणं म्हणतात, खजील होणं म्हणतात. हे सगळं चारचौघांत होतं, एकट्यानं कुणी ओशाळत नाही. आणि मला पक्कं ठाऊक होतं, की चारचौघांत मी आबांचं ऐकलं नाही, त्यांची मान खाली घातली, म्हणून त्यांना माझी लाज वाटते.

थंडीत एका सकाळी ते न कळवता सांगवीला आले. पिशवीत कांदे आणि बाजरीचं पीठ. मैत्रिणी कामावर गेल्या होत्या. चहा झाला. खाली मुळा नदीच्या पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला होता, तो बघत ते म्हणाले, "मला नीट सांग."

"काय, आबा?"

"त्या दिशी काय झालं ते. पारावर लोकं इचारत्यात. आरं, तुझ्या पोरीला सूर्यानं काय केलं? इतक्या लांब सूर्य, इतक्या लांब दुर्बीन, मग बंद का केली? आन् मला न्हाई सांगता येत. मी आपला गप. बैलाचं काय इचारलं तर सात पिढ्यांचं सांगतो. सोताच्या पोरीचं इचारलं तर तोंड उघडत न्हाई माझं. मला लाज वाटती गं त्याची. म्हनून जात न्हाई मी."

इतके महिने ते माझी लाज वाटून घरात बसले आहेत असं मी धरून चालले होते, आणि ते बसले होते माझ्या बाजूनं बोलायला त्यांच्याकडे शब्द नव्हते म्हणून. शब्द माझ्याकडे होते. मी परदेशी लोकांना ते सभांमधून सांगत होते. एका गोठ्यात बसून सांगावेत असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग मी सांगितलं. एक संत्रं सूर्य झालं, बाजरीचा दाणा पृथ्वी झाला. कण कसे येतात, पांघरूण कुणाला आहे आणि कुणाला नाही, सगळं. ते मधे मधे अडवत होते. "म्हंजी दुर्बीन मोडली न्हवती?"

"नाही. उफणताना वारा फिरला की भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून तुम्ही काय करता?"

"डोळं मिटून पाठ फिरवतो."

"तेच केलं तिनं."

"मग त्यात हसन्यासारखं काय हाय?" आबा एकदम चढ्या आवाजात म्हणाले, जणू तो घाट आमच्या खोलीतच बसला होता. "डोळं ऱ्हायलं तर फुडलं दिसनार!"

दुसऱ्या दिवशी ते पारावर गेले. आईनं सांगितलं, दूध घालायला गेलेले जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत.

पुढे माझा प्रबंध झाला, नोकरीही लागली. आता मी दुसऱ्या एका अवकाश दुर्बिणीच्या रोजच्या कामाचं वेळापत्रक बघते. कुठल्या दिवशी ती कुठे वळेल, आणि धोका असेल तर कधी काम थांबवायचं, ते आमचा छोटा गट ठरवतो. आबा रोज सकाळी फोन करतात. पाऊसपाण्याचं विचारावं तसं विचारतात, "आज कसाय त्यो?" त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी उठल्या उठल्या सूर्य बघते.

या वैशाखात एका सकाळी तो पुन्हा फुटला होता. मी आधीच कामाला लागले होते. हुकूम गेले होते, दुर्बीण झाकली होती, ज्यांची निरीक्षणं हुकली त्यांना कळवून झालं होतं. मग आबांचा फोन आला.

"आज कसाय त्यो?"

"खवळलाय. बंद केली दुर्बीण."

"बरं केलंस." मागे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. "कुनाची बारी व्हती?"

मी पडद्यावर बघितलं. "कुणीतरी मुलगी आहे. शिकतेय अजून. लांबच्या देशातली."

"तिला सांगितलंस?"

"हो, मेल केला." मी काय लिहिलं होतं ते माझ्यासमोरच उघडं होतं. दोन ओळी. कान तापले.

"आन् तिच्या बापाला?" आबा म्हणाले. "त्येला कुनी समजावून सांगंल का?"

आबा थांबले होते, फोन ठेवत नव्हते.

"तिला विचारते," मी म्हटलं. आणि तो मेल पुन्हा लिहायला घेतला, सूर्यापासून.